ब्लॉगचं ब्लॉगशी बोलणं : दुवा कसा द्यावा, उत्तर कसं लिहावं

२७ जानेवारी २००९ रोजी केंब्रिजचे गणितज्ञ टिमोथी गॉवर्स यांनी आपल्या ब्लॉगवर एक प्रश्न मांडला. खूप जणांनी मिळून, सगळ्यांच्या देखत, गणितातला एखादा अवघड प्रश्न सोडवता येईल का? आठवडा उलटायच्या आत, १ फेब्रुवारीला, प्रत्यक्ष काम सुरू झालं. निवडलेल्या सिद्धांताचं नाव होतं 'डेन्सिटी हेल्स-ज्युएट'. फुलीगोळ्याचा चौकोन दोनऐवजी कितीही मितींमध्ये वाढवला, तर एकही रेघ पूर्ण होऊ न देता जास्तीत जास्त किती घरं भरता येतील, अशा जातीचा हा प्रश्न. त्याची एक सिद्धता १९९१ पासून उपलब्ध होती, पण ती फार जड यंत्रसामग्री वापरणारी होती. गॉवर्स यांना साधी, मुळापासून मांडलेली सिद्धता हवी होती.

लॉस एंजेलिसमध्ये टेरेन्स टाओ यांनी आपल्या ब्लॉगवर याच प्रश्नाच्या दुसऱ्या अंगावर चर्चा उघडली. दोन ब्लॉग, दोन खंड, आणि मध्ये फक्त दुवे. गोंधळ होऊ नये म्हणून प्रत्येक मुद्द्याला क्रमांक दिला गेला. गॉवर्स यांच्याकडचे पहिले क्रमांक १ ते १९९, टाओ यांच्याकडचे २०० पासून पुढे. कुणी 'क्रमांक अमुक पाहा' म्हटलं की कोणत्या ब्लॉगवरचा कोणता परिच्छेद, ते लगेच कळायचं. सदतीस दिवसांत २७ जणांनी मिळून सुमारे ८०० नोंदी लिहिल्या. त्यांत फील्ड्स पदक मिळवलेले हे दोघे होते, तसा अमेरिकेतला एक शाळाशिक्षकही होता. १० मार्चला गॉवर्स यांनी प्रश्न बहुधा सुटल्याचं जाहीर केलं, आणि २०१२ मध्ये हा शोधनिबंध 'ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स'मध्ये 'डी. एच. जे. पॉलिमॅथ' या सामूहिक नावाने छापून आला.

यात साधनं अगदी साधी होती. दोन्ही ब्लॉग वर्डप्रेसवरचे, कुणालाही फुकट उघडता येतील असे. कामी आल्या त्या सवयी. नेमक्या जागेकडे बोट दाखवणं, दुसऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत थोडक्यात मांडून मग पुढे जाणं, आणि आपण काय लिहिलं ते समोरच्यापर्यंत पोचेल याची काळजी घेणं. या सवयी पाककृती लिहिणाऱ्यालाही लागतात, गडकिल्ल्यांवर लिहिणाऱ्यालाही लागतात. मराठीत ब्लॉग लिहिणाऱ्या आणि लिहू पाहणाऱ्या वाचकांसाठी त्या इथे क्रमाने मांडल्या आहेत.

दुवा एकाच दिशेने जातो

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत वेबचा प्रस्ताव मांडला, त्याच्या कितीतरी आधी टेड नेल्सन यांनी दोन्ही दिशांनी चालणाऱ्या दुव्यांची कल्पना केली होती. एका पानाने दुसऱ्याकडे दुवा दिला, की दुसऱ्या पानालाही ते दिसावं, अशी. बर्नर्स-ली यांनी मात्र जाणूनबुजून एकेरी दुवा निवडला. दुहेरी दुव्यांसाठी जगभरच्या सगळ्या पानांची सामायिक नोंद कुणीतरी ठेवावी लागली असती, आणि नवा दुवा देताना तिच्यात बदल करावा लागला असता. एकेरी दुव्याला कुणाची परवानगी लागत नाही. म्हणूनच वेब इतक्या झपाट्याने पसरलं. त्याची किंमतही ठरलेली होती. ज्याच्याकडे दुवा गेला त्याला ते कळत नाही, आणि त्याने पान हलवलं तर दुवा देणाऱ्याला कळत नाही.

वेबवरच्या संवादाच्या बहुतेक अडचणी या एका निर्णयातून येतात. यंत्रणा अर्धंच काम करते, उरलेलं अर्धं लेखकाला करावं लागतं.

दोन ठिकाणांवरून वाद घालण्याची मराठी वाचकाला तशी जुनी ओळख आहे. आगरकरांनी 'केसरी' सोडून १८८८ मध्ये 'सुधारक' सुरू केलं, आणि १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावर ही दोन पत्रं उघडपणे एकमेकांविरुद्ध उभी राहिली. पण 'सुधारक'ने 'केसरी'चं म्हणणं नीट मांडलं आहे की नाही हे पाहायचं, तर वाचकाला 'केसरी'चा तो अंक मिळवावा लागे. आज ब्लॉगवरच्या वाचकाला ती पडताळणी एका क्लिकवर करता येते, मात्र लेखकाने दुवा दिला असेल तरच.

दुवा देणारं वाक्य

समजा, एखादी ब्लॉगलेखिका हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेबद्दल लिहिते आहे, आणि त्याच वाटेवरचा दुसऱ्याचा लेख तिने वाचला आहे. पुष्कळदा असं वाक्य लिहिलं जातं : 'या वाटेवर एक छान लेख आहे, तो इथे वाचा.' दुवा फक्त 'इथे' या शब्दावर. लेख कुणाचा, कधीचा, त्यात काय आहे, वाचकाने तिकडे का जावं, यातलं काहीच कळत नाही. उद्या तो लेख काढून टाकला गेला, तर हे वाक्यही निरुपयोगी होतं.

तेच वाक्य असं लिहिता येईल : 'बेलपाड्याहून नळीच्या वाटेने चढलेल्या एका गटाने आपल्या मे महिन्यातल्या अनुभवावर लिहिलं आहे, आणि वाटेत पाणी मिळेल या भरवशावर राहू नका असं बजावलं आहे.' इथे दुवा 'आपल्या मे महिन्यातल्या अनुभवावर लिहिलं आहे' या शब्दांवर द्यावा. गटाचं किंवा ब्लॉगचं नाव आणि लेखाची तारीख वाक्यातच घालावी. म्हणजे दुव्यावर टिचकी न मारताही मुद्दा समजतो, आणि मारणाऱ्याला आपण काय वाचायला जातो आहोत हे ठाऊक असतं.

अंध वाचकांसाठी तर हा फरक फार मोठा आहे. पडदावाचक सॉफ्टवेअर वापरणारे अनेक जण पानावरच्या दुव्यांची यादी आधी ऐकतात. त्या यादीत 'इथे, इथे, आणखी वाचा, इथे' एवढंच ऐकू आलं, तर ती यादी असून नसल्यासारखी. दुवा कुठे नेतो ते त्याच्या शब्दांवरून किंवा आसपासच्या मजकुरावरून समजावं, ही अट वेबच्या सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतही आहे.

दुसरा नियम : दुवा ब्लॉगच्या मुखपृष्ठाचा देऊ नये, त्या विशिष्ट लेखाचा द्यावा. २००० सालापर्यंत बऱ्याच ब्लॉगांवर नोंदी एकाखाली एक येत आणि महिन्याभरात खाली सरकून जात. त्या वर्षी प्रत्येक नोंदीला स्वतःचा कायमचा पत्ता देण्याची, म्हणजे पर्मालिंकची, पद्धत रूढ होऊ लागली, आणि एका लेखाने दुसऱ्या लेखाला उत्तर देणं खऱ्या अर्थाने शक्य झालं. तो पत्ता मिळवायला लेखाच्या मथळ्यावर टिचकी मारावी आणि मग वरच्या पट्टीतला पत्ता उचलावा. फेसबुकवरून आलेल्या पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्हानंतर माग काढणाऱ्या अक्षरांची लांबलचक शेपटी असते, ती काढून टाकावी.

एखादी गोष्ट तिसऱ्याच्या ब्लॉगवर पाहून मूळ ठिकाणी पोचलेल्या लेखकाने दुवा मुळाचा द्यावा, पण वाट दाखवणाऱ्याचाही उल्लेख करावा. पैसे घेऊन दिलेला दुवा असेल तर तसं वाक्यात स्पष्ट लिहावं आणि त्या दुव्याला 'स्पॉन्सर्ड' अशी खूणही लावावी. गुगलने २०१९ पासून ही वेगळी खूण ठेवली आहे.

मराठी मथळा, लांबलचक पत्ता

मराठी ब्लॉगलेखकाची एक अडचण इंग्रजी लिहिणाऱ्यांना कधी येत नाही. वेबपत्त्यात देवनागरी अक्षर जसंच्या तसं प्रवास करत नाही. त्याचं प्रत्येक घटकाचं रूपांतर टक्क्याच्या खुणांसह नऊ रोमन चिन्हांत होतं. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी असे पाच घटक आहेत, म्हणजे पत्त्यात पंचेचाळीस चिन्हं. पाच-सहा शब्दांचा मथळा असेल तर व्हॉट्सॲपवर चिकटवलेला दुवा चार-पाच ओळी व्यापतो, आणि पाहणाऱ्याला तो फसवा वाटतो.

वर्डप्रेसमध्ये पत्त्यातल्या लेखनामाच्या भागाला २०० चिन्हांची मर्यादा आहे. देवनागरी मथळ्याचे साधारण बावीस घटक त्यात बसतात, पुढचे कापले जातात. ब्लॉगर या ब्लॉगसेवेचं वागणं उलट आहे. ती पत्ता बनवताना देवनागरी अक्षरं गाळूनच टाकते, त्यामुळे शुद्ध मराठी मथळ्याच्या लेखाला 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे एखादा आकडा, असा पत्ता मिळतो. अशा पत्त्यांवरून लेख कोणता हे खुद्द लेखकालाही सांगता येत नाही, दुवा देणाऱ्याला तर नाहीच.

उपाय सोपा आहे. लेख प्रकाशित करण्याआधी पर्मालिंकच्या चौकटीत दोन-तीन रोमन शब्द स्वतः लिहावेत. ब्लॉगरमध्ये त्यासाठी उजवीकडच्या पट्टीत 'कस्टम पर्मालिंक' हा पर्याय आहे, आणि तो लेख प्रकाशित होण्याआधीच वापरायचा असतो. वर्डप्रेसमध्ये लेखनाम नंतर बदललं तरी जुन्या पत्त्यावरून आलेल्या वाचकाला आपोआप नव्याकडे नेलं जातं. मथळा मराठीच ठेवावा, पत्ता मात्र सुटसुटीत असावा. इतरांनी दुवे द्यावेत असं वाटत असेल तर आधी तो देणं सोपं करायला हवं.

समोरच्याला कळवणं

दुवा देऊन गप्प बसणं म्हणजे पत्र लिहून खिशातच ठेवणं. ज्याच्या लेखाला उत्तर दिलं, त्याला ते कळलंच नाही तर संवाद सुरूच होत नाही. ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न वीसहून अधिक वर्षं चालू आहेत.

ऑगस्ट २००२ मध्ये 'मूव्हेबल टाइप' या ब्लॉगप्रणालीत ट्रॅकबॅक आलं. तुमच्या लेखाबद्दल मी लिहिलं आहे, असा निरोप एक ब्लॉग दुसऱ्याला पाठवू लागला, आणि तो मूळ लेखाखाली दिसू लागला. पण निरोप पाठवणाऱ्याने खरोखरच दुवा दिला आहे का, याची कोणतीही पडताळणी ट्रॅकबॅकमध्ये नव्हती. जाहिरातबाजांनी त्याचा फायदा घेतला आणि खोट्या निरोपांचा पूर आला. त्याच वर्षी आलेल्या पिंगबॅकमध्ये पडताळणी होती. निरोप मिळालेला ब्लॉग स्वतः पाठवणाऱ्याच्या पानावर जाऊन दुवा आहे का ते पाहतो, आणि असला तरच नोंद घेतो. गैरवापर यालाही चुकला नाही. मार्च २०१४ मध्ये १,६२,००० हून अधिक वर्डप्रेस स्थळांच्या पिंगबॅक सोयीचा वापर करून एकाच संकेतस्थळावर मारा केल्याचं एका सुरक्षा कंपनीने उघड केलं. त्या स्थळांच्या मालकांना त्याचा पत्ताही नव्हता.

नवी पद्धत आहे वेबमेन्शन. जानेवारी २०१७ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेबच्या मानकसंस्थेने तिला मान्यता दिली. तिचं काम थोडक्यात असं : निरोपात दोनच पत्ते जातात, दुवा ज्या पानावर आहे ते पान आणि दुवा ज्या पानाकडे जातो ते पान. मिळवणारा आधी दुवा तपासतो, आणि लेखकाने पानावर योग्य खुणा केल्या असतील तर हा नुसता उल्लेख आहे, उत्तर आहे की पसंती, हेही ओळखतो. वर्डप्रेससाठी वेबमेन्शनचं प्लगिन मिळतं.

आपल्या ब्लॉगवर काय करावं? वर्डप्रेस असेल तर 'सेटिंग्ज'मधलं 'डिस्कशन' हे पान उघडावं. सुरुवातीलाच दोन पर्याय दिसतात. लेखात ज्यांचे दुवे आहेत त्या ब्लॉगांना निरोप पाठवायचा का, आणि इतरांचे निरोप स्वीकारायचे का. पहिला चालू ठेवावा. दुसरा चालू ठेवायचा असेल तर निरोप आपण वाचून मंजूर केल्यावरच दिसतील अशी सोय करावी, आणि अकिस्मेटसारखी गाळणी लावावी. ब्लॉगरवर पिंगबॅकची सोय नाही.

आणि कोणतीही यंत्रणा असो वा नसो, चार ओळींची ईमेल पाठवावी. 'तुमचा अमुक लेख वाचला. त्यातल्या तमुक मुद्द्यावर मी इथे लिहिलं आहे. तुमचं म्हणणं मी चुकीचं मांडलं असेल तर कळवा.' एवढं पुरतं. विशेषतः टीका केली असेल तर हा निरोप आपल्याकडूनच जावा, तिसऱ्याकडून त्यांच्या कानावर जाऊ नये.

आपल्याकडे दुवा कुणी दिला हे शोधायला पूर्वी ब्लॉगलेखक भेटींची आकडेवारी पाहायचे. आता तिथे अर्धवट माहिती मिळते. क्रोमने २०२० पासून, आणि इतर ब्राउझरांनीही, वाचक कोणत्या पानावरून आला हे दुसऱ्या स्थळाला सांगणं थांबवलं आहे. फक्त स्थळाचं नाव कळतं. वाचकाच्या खासगीपणासाठी हे चांगलंच झालं. पण म्हणूनच कळवण्याची जबाबदारी दुवा देणाऱ्यावर अधिक येते.

उत्तराचा लेख

लेखाखाली दोन ओळी लिहिणं वेगळं आणि आपल्या ब्लॉगवर उत्तराचा लेख लिहिणं वेगळं. मुद्दा मोठा असेल, पुरावे द्यायचे असतील, तर आपल्या जागी लिहावं. तिथे लेखकाचं नाव आणि जबाबदारी दोन्ही पणाला लागलेली असतात, त्यामुळे भाषा आपोआप सांभाळली जाते.

अशा लेखाची बांधणी साधारण अशी असावी. पहिल्या परिच्छेदात मूळ लेखाचं नाव, लेखक, तारीख आणि दुवा. त्यानंतर त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत, आणि तेही इतकं प्रामाणिकपणे की मूळ लेखकाने वाचून 'हो, मी हेच म्हटलं आहे' असं म्हणावं. मग आपलं कुठे पटतं, कुठे पटत नाही, आणि का. विरोधी लेखातला सर्वांत कच्चा मुद्दा उचलून त्यावर तुटून पडणं सोपं असतं. वाचकाला उपयोग होतो तो सर्वांत भक्कम मुद्द्याला दिलेल्या उत्तराचा.

अवतरण किती घ्यावं? भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातलं कलम ५२ टीका आणि परीक्षणासाठी रास्त वापराला मुभा देतं. शब्दांची ठरावीक मर्यादा कायद्यात नाही. ज्या वाक्यांवर आपण बोलणार आहोत तेवढीच घ्यावीत, हा सुरक्षित आणि सभ्य मार्ग. सगळा लेख उचलून खाली 'साभार' लिहिल्याने परवानगी मिळत नाही.

'साभार'ची ही सवय मराठीत फार रुजली आहे. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या कित्येक लेखांच्या तळाशी 'व्हॉट्सॲपवरून साभार' किंवा 'लेखक अनामिक' असं असतं, आणि मूळ लेखक आपल्या ब्लॉगवर नाव-तारखेसह तो लेख ठेवून बसलेला असतो. असा मजकूर हाती आला तर त्यातलं एक वेगळंसं वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधयंत्रात टाकावं. मूळ बऱ्याचदा पहिल्या पानावर सापडतं. मग तो मजकूर पुढे पाठवू नये, मुळाचा दुवा पाठवावा. पडद्याचा फोटो काढून त्यावर टीका करणं हाही तसाच प्रकार. वाचकाला मागचा-पुढचा संदर्भ पाहता येत नाही, अंध वाचकाला तर काहीच कळत नाही. फोटो लावलाच तर सोबत दुवा हवा.

मूळ लेखकाने उत्तर दिलं आणि आपली माहिती चुकल्याचं दाखवून दिलं, तर लेखात गुपचूप बदल करू नये. चुकीचं वाक्य खोडलेल्या रूपात तसंच ठेवून शेजारी तारखेसह दुरुस्ती लिहावी, आणि ज्याने चूक दाखवली त्याचा दुवा द्यावा. त्या चुकीच्या वाक्याला कुणीतरी आधीच उत्तर दिलेलं असतं. वाक्यच नाहीसं झालं तर ते उत्तर हवेत लोंबकळत राहतं.

एकमेकांना वाचत राहणं

रोज पंधरा ब्लॉग उघडून काही नवं आलं का हे पाहणं कुणाला जमत नाही. त्यासाठी फीड असते, म्हणजे ब्लॉगवरच्या नव्या लेखांची यंत्राला वाचता येणारी यादी. आरएसएस हा तिचा प्रकार १९९९ पासून आहे, आणि जवळपास प्रत्येक ब्लॉग ती आपोआप तयार करतो. गुगल रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद झाला तेव्हा फीड वाचणाऱ्या अनेकांची सवय तुटली, पण फीड बंद पडल्या नाहीत. फीडली, इनोरीडर, ॲपलच्या उपकरणांसाठी नेटन्यूजवायर, किंवा संगणकावर थंडरबर्ड, यांपैकी कशातही ब्लॉगचा पत्ता टाकला की नवा लेख आपणहून समोर येतो. कोणता लेख दाखवायचा हे इथे कुठल्या कंपनीचं गणित ठरवत नाही. आपल्या ब्लॉगच्या फीडमध्ये पूर्ण लेख जाऊ द्यावा. नुसता तुकडा पाठवला तर फोनवर वाचणारा तिथेच थांबतो.

दुसरं साधन आवडत्या ब्लॉगांची यादी. ब्लॉगरमधल्या 'ब्लॉग लिस्ट' या गॅजेटमध्ये यादीतल्या प्रत्येक ब्लॉगचा ताजा लेख दिसतो आणि नुकतंच लिहिणारा वर येतो. यादी छोटी ठेवावी, वर्षातून एकदा तपासावी, आणि प्रत्येक नावापुढे तो ब्लॉग कशाबद्दल आहे हे एका ओळीत लिहावं.

मराठी ब्लॉगांना हे नवं नाही. २००० नंतरच्या दशकात 'मराठी ब्लॉग विश्व'सारख्या संकलक स्थळांवर ताजे मराठी लेख एकत्र दिसत, आणि त्यांचं बोधचिन्ह अनेक ब्लॉगांच्या कडेला असे. त्याच काळात 'खो' देण्याची पद्धत होती. एकाने आवडत्या पुस्तकांवर किंवा कवितांवर लिहायचं, शेवटी दोघा-चौघांना नावानिशी, दुव्यासह खो द्यायचा, आणि त्यांनी आपल्या ब्लॉगवर लिहून पुढच्यांना उठवायचं. एका विषयावर पंधरा-वीस लेख उभे राहत, आणि साखळीतल्या कोणत्याही लेखावरून इतरांपर्यंत जाता येई. हा प्रकार पुन्हा सुरू करायला कोणत्याही नव्या तंत्राची गरज नाही.

दुव्यांची ताकद संकटात तर फार स्पष्ट दिसली होती. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर मुंबईतल्या ब्लॉगलेखकांच्या पुढाकाराने एक सामायिक ब्लॉग उभा राहिला. मदत कुठे मिळते आहे, कुठे हवी आहे, बेपत्ता माणसांची चौकशी कुठे करायची, हे तिथे एकत्र येऊ लागलं, आणि जगभरच्या ब्लॉगांनी त्याच्याकडे दुवे दिले. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडून मुंबई बुडाली, तेव्हाही 'क्लाउडबर्स्ट मुंबई' नावाचा असाच ब्लॉग निघाला. आधीपासून एकमेकांना वाचणारी माणसं होती, म्हणूनच हे इतक्या लवकर जमलं.

तुटलेले दुवे

प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनंतर उघडत नव्हती. मोठ्या कंपन्यांच्या जागाही कायमच्या नसतात. याहूने ऑक्टोबर २००९ मध्ये जपान वगळता जिओसिटीज ही संकेतस्थळांना जागा देणारी सेवा बंद केली, पोस्टरस ही ब्लॉगसेवा एप्रिल २०१३ अखेर बंद झाली. त्यांच्याकडे जाणारे दुवे त्या दिवशी मेले.

यावर तीन गोष्टी करता येतात. पहिली, ज्या लेखाचा दुवा दिला त्याची प्रत इंटरनेट आर्काइव्हच्या 'वेबॅक मशीन'मध्ये जतन करावी. तिथल्या 'सेव्ह पेज नाऊ' या चौकटीत पत्ता टाकला की काम होतं, पैसे पडत नाहीत. आपला लेख लिहून झाल्यावर त्यातले सगळे दुवे असे जतन करण्याची सवय लावावी. दुसरी, दुवा लहान करणाऱ्या सेवा लेखात वापरू नयेत. मधली सेवा बंद पडली की मूळ पान जिवंत असूनही वाट तुटते. तिसरी, आपले जुने लेख काढू किंवा हलवू नयेत. ब्लॉग दुसरीकडे न्यावाच लागला तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवण्याची सोय करावी.  जुनं मत बदललं असेल तर लेखाच्या माथ्यावर तारखेसह तसं लिहावं आणि नव्या लेखाचा दुवा द्यावा. आपल्या लेखाला उत्तर देणाऱ्यांचं लेखनही त्या पत्त्यावर अवलंबून असतं.

फेसबुकवर आज मराठीत पुष्कळ चांगलं लिहिलं जातं. पण दोन वर्षांपूर्वीची पोस्ट तिथे शोधणं कठीण, आणि 'लिंक पहिल्या कमेंटमध्ये' ही तिथली रीतच झाली आहे. इन्स्टाग्रामच्या मजकुरात दिलेला दुवा तर उघडतही नाही. जिथे दुवा द्यायलाच आडकाठी आहे, तिथे झालेली चर्चा पुढच्या वाचकाच्या हाती लागत नाही. म्हणून तिथे लिहिणाऱ्यांनीही दीर्घ लेखाची एक प्रत आपल्या ब्लॉगवर, कायमच्या पत्त्यावर ठेवावी.

सुरुवात करायची तर या आठवड्यात एक मराठी लेख निवडावा, पटलेला किंवा न पटलेला. त्याला पाचशे शब्दांचं उत्तर आपल्या ब्लॉगवर लिहावं, नेमका दुवा द्यावा, त्याची प्रत जतन करावी आणि लेखकाला कळवावं. शेवटी आणखी दोघांना खो द्यावा.